हजेरीपट आणि मंडळी

आपल्या शाळेच्या स्मरणिका समितीने ‘श्रद्धा आणि मंडळीचं (म्हणजे चर्चमधल्या ख्रिस्ती समाजाचं) जीवन’ असा विषय दिला आहे. मी मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मगुरू. श्रद्धेवर दर रविवारी बोलतोच, इथे कामाचं लिहितो. पाळकाला सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट आपल्या शाळेत पहिल्याच तासाला शिकवली जाते, ती म्हणजे हजेरी.

वर्गात कोण आलं नाही हे पाच मिनिटांत कळतं. मंडळीत दोन-दोन महिने कळत नाही, कारण बाकं भरलेली दिसतात. बायबलमधल्या लूकच्या १५व्या अध्यायातलं, शंभरातलं हरवलेलं एक मेंढरू सर्वांना पाठ आहे. पण शंभर मोजल्याशिवाय एक कमी आहे हे कळणार कसं? म्हणून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या प्रत्येक पंचाकडे दहा-बारा घरं वाटून द्यावीत. उपासना सुटली की त्याने तेवढीच घरं आठवायची. सलग दोन रविवार कुणी दिसलं नाही, तर तिसऱ्याच्या आत पाळकाने घर गाठायचं.

ही झाली तातडीची भेट. नेहमीच्या फेरीचा हिशेब वेगळा. १२० कुटुंबं असतील आणि आठवड्याला आठ घरं होत असतील, तर १५ आठवड्यांत फेरी पुरी होते. घरी वीस मिनिटं पुष्कळ झाली: विचारपूस, १२१वं स्तोत्र, प्रार्थना. बिघडतं ते असं, की गोडीनं बोलणाऱ्या घरांकडे पाय आपोआप वळतात आणि पंचांशी भांडून बसलेलं घर पुढच्या फेरीवर जातं. जे घर टाळावंसं वाटतं, ते यादीत पहिलं लिहावं. आणि घरभेटीत वर्गणीची पावती काढू नये. पुढच्या वेळी दार उघडायला उशीर लागतो.

आता नोंदवह्या. बाप्तिस्म्याच्या वहीत ‘याकोब’, शाळेच्या दाखल्यावर ‘जेकब’, आडनाव एकीकडे वडिलांचं, दुसरीकडे गावावरून पडलेलं. वीस वर्षांनी पासपोर्टच्या वेळी सगळे धावत येतात. तेव्हा वहीत खाडाखोड करून भागत नाही. म्हणून बाप्तिस्म्याच्या आधीच जन्मदाखला मागून घ्यावा आणि त्यावरचं स्पेलिंग जसंच्या तसं उतरवावं. उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झाली. त्याआधीच्या वह्यांवर जुन्या मिशनचं किंवा मंडळीचं नाव असतं, हेही दाखला शोधताना ध्यानात ठेवावं. लग्नाच्या बाबतीत १८७२चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा सर्वसाधारणपणे सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढीच वेळ देतो. पाचची वेळ छापून वरात साडेसहाला आली की पाळक उपदेश आखडतो आणि लोक त्याला घाईचा म्हणतात!

प्रभुभोजनाचं, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचं गणित सोपं, तरी दरवेळी चुकतं. छोट्या पेल्यात साधारण १० मिलिलिटर द्राक्षरस धरला तर २०० जणांना दोन लिटर लागतो. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी थोडा वेगळा काढावा. मनुका उकळून घरी केलेला रस एप्रिल-मेमध्ये रात्रभर बाहेर राहिला तर फसफसतो. शनिवारी करावा, गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवावा.

गाण्याबद्दल माझं मत ठाम आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मराठी मंडळीला अभंगाच्या, ओवीच्या चालीत गायला दिलं. ती गीतं सगळ्यांच्या गळ्यासाठी आहेत. तरुणांनी कीबोर्डवर काळी चार ही उंच पट्टी धरली की पुरुषांच्या बाकावरचे म्हातारे दुसऱ्या कडव्याला गप्प होतात. पट्टी काळी एक-दोनवर आणा, ढोलकीचा माइक बंद करा, मंडळी आपोआप गायला लागते.

अर्पण, म्हणजे उपासनेत जमलेलं दान, मात्र दोघांनीच मोजावं, नोटांची चिठ्ठी करून दोघांनी सही करावी आणि सोमवारी रक्कम बँकेत जावी. एकट्याने मोजलं तर एक रुपया न हलताही संशय येतो.

सर्वांत मोठी गळती होते ती दहावी-बारावीनंतर. मूल पुण्याला निघालं की शाळा सोडल्याचा दाखला देते, मंडळी नुसते आशीर्वाद देते. तिथल्या पाळकाला एक पत्र लिहावं: पूर्ण नाव, बाप्तिस्म्याची आणि दृढीकरणाची (मोठेपणी श्रद्धा स्वतः कबूल करण्याच्या विधीची) तारीख, वसतिगृहाचा पत्ता, आणि गाता-वाजवता येत असेल तर तेही. पत्र जूनमध्येच जावं, आणि महिन्याभराने फोन करून ते मूल तिथे पोहोचलं का विचारावं. दिवाळीपर्यंत थांबलं, तर त्याचं नाव ना आपल्या पटावर राहतं, ना तिथल्या.