दोन कौलांच्या मधली चर्चा

‘समजले का?’ या प्रश्नाला वर्गातून एका सुरात येणाऱ्या ‘हो सर’चा समजण्याशी फारसा संबंध नसतो, हे प्रथम वर्ष विज्ञान शाखेला शिकवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. पुढच्या बाकांवरची ठरावीक मुले उत्तरे देतात आणि त्यांच्या भरवशावर आपण पुढच्या प्रकरणाकडे वळतो. प्रत्येक विद्यार्थ्याकडून एकाच वेळी उत्तर घेणारी क्लिकरसारखी (हातातले बटण दाबून उत्तर नोंदवायचे छोटे उपकरण) साधने मला उपयोगी वाटतात ती याच कारणासाठी.

हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझुर यांनी १९९१ पासून या पद्धतीला शिस्त लावली. संकल्पनेवरचा एक प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने आपापले उत्तर नोंदवायचे (हा पहिला कौल), मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे (हा दुसरा). त्यांनी सुरुवातीला साधी छापील कार्डेच वापरली होती. क्लिकर नंतर आले. त्यामुळे उपकरण नाही म्हणून हे जमत नाही, ही सबब मला पटत नाही.

माझ्या वर्गात सगळ्यांकडे पुरेसा डेटा नसतो आणि तळमजल्यावरच्या वर्गात नेटवर्कही धड मिळत नाही, म्हणून मी प्लिकर्स या ॲपची छापील कार्डे वापरतो. प्रत्येक कार्डावरची काळी-पांढरी नक्षी वेगळी असते; विद्यार्थ्याने कार्ड ज्या बाजूने उभे धरले, ते त्याचे उत्तर. कॅमेरा वर्गावरून फिरवला की नोंद फक्त माझ्या फोनवर होते, आणि नक्षीवरून शेजाऱ्याला काही कळत नसल्याने मागच्या बाकांवरची मुलेही न लाजता उत्तर देतात.

सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण किती, हा माझा आवडता प्रश्न. सूत्रे पाठ असलेली कितीतरी मुलेही ‘शून्य’ हाच चुकीचा पर्याय धरतात. बरोबर उत्तर मी लगेच सांगत नाही. मग कुजबुज वाढते. ‘चेंडू थांबला म्हणजे त्वरण शून्यच ना?’ असे एकीने म्हटल्यावर तिच्या मैत्रिणीने विचारले, ‘मग तो खाली कशाला येईल? वरच राहील की.’ वेग आणि त्वरण यांतला फरक फळ्यावर कितीही वेळा लिहिला तरी तो इतक्या थेट पोचत नाही.

यावर एक शंका नेहमी घेतली जाते: हुशार मुलाचे उत्तर बाकीचे नुसते उचलतात. कोलोरॅडो विद्यापीठात आनुवंशिकीच्या वर्गावर झालेला आणि २००९ मध्ये ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमका याच शंकेवर होता. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा दुसरा प्रश्न प्रत्येकाने एकट्याने सोडवला, तेव्हा ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हते, त्यांतल्या विद्यार्थ्यांचीही प्रगती दिसली.

काहूटसारख्या ऑनलाइन प्रश्नमंजुषेच्या खेळांत घड्याळ आणि गुणफलक पळत असतो. शेवटच्या तासाची मरगळ घालवायला ते ठीक, पण विचार करायला तिथे उसंत नसते. कार्डांवरच्या उत्तरांना मी गुणही देत नाही, कारण गुण आले की वाद संपतो आणि नक्कल सुरू होते.

खरे कष्ट प्रश्न तयार करण्यात आहेत. फारच सोपा प्रश्न असेल तर वाद होत नाही आणि फारच अवघड असेल तर वाद घालायला कोणाकडे काही नसते. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर यावीत, हा मझुर यांचा आडाखा मला सोयीचा वाटतो. चुकीचे पर्याय मी स्वतःच्या डोक्यातून काढत नाही, मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांतून उचलतो. सध्या विद्युत परिपथांवरचे प्रश्न जुळवतो आहे, आणि ‘बल्बमध्ये विद्युतधारा खर्च होते’ हा चुकीचा पर्याय त्यात पहिल्यांदा लिहून ठेवला आहे.