पुस्तक मिटा, मग लिहा

बडोद्याहून इकडे अमेरिकेत मास्टर्सला येणारी मुलं बॅगेत कुकर, मेतकूट, थेपले सगळं नीट भरून आणतात आणि पहिल्याच आठवड्यात अडतात ती 'रीडिंग रिस्पॉन्स'पाशी. विशेषतः कला आणि समाजशास्त्राच्या विषयांत वर्गाआधी तीस-चाळीस पानं वाचून एक पान लिहून द्यावं लागतं. सारांश चालत नाही. काय पटलं, कुठे खटकलं, ते का, हे हवं असतं. आपल्याकडे वाचन परीक्षेआधी आणि लेखन परीक्षेत, अशी वाटणीच झालेली. त्यामुळे हात अवघडतो. दांडिया बाजारातल्या घरी बसून ही सवय आधीच लावता येते.

दहा पानं वाचा. पुस्तक मिटा. सात-आठ मिनिटांत आठवेल ते पाच-सहा ओळींत लिहा. मग पुस्तक उघडून चुकलेलं, सुटलेलं लाल पेनाने भरा. पुस्तक उघडं ठेवून लिहिलं तर वाक्यं जशीच्या तशी उतरतात आणि सगळं समजल्याचा भास होतो. हायलायटरचंही तेच: पान पिवळं होतं, डोकं कोरं राहतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२.

हे झालं लक्षात ठेवण्यापुरतं. विचारासाठी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लेखकाचं वाक्य, उजवीकडे आपलं. समजा डावीकडे आलं, 'बडोदा संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं.' उजवीकडे 'सयाजीरावांचं महान कार्य' असं लिहिलंत तर वही बंद करा, ते कौतुक झालं. त्याऐवजी असं लिहा: संस्थानातल्या अमरेलीत हा प्रयोग १८९३ला सुरू झाला, मग संस्थानभर व्हायला तेरा वर्षं का लागली? मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता. शेतात मुलाचा हात लागणाऱ्या घराला तो कसा पडला असेल? यातला एकच प्रश्न धरून पुन्हा मजकुरात शिरा. उत्तर मिळालं किंवा मजकुरात ते नाहीच असं दिसलं, की रिस्पॉन्सचा गाभा तयार. (ग्रंथालयं उभारायला सयाजीरावांनी १९१०मध्ये ग्रंथपाल बॉर्डन यांना अमेरिकेतूनच बोलावलं होतं. आता वाहतूक उलटी आहे.)

उजवी बाजू मराठीत लिहा, मध्ये गुजराती शब्द घुसला तरी घुसू द्या. इंग्रजी नंतर करता येतं. डावीकडच्या वाक्याला अवतरणचिन्हं मात्र हवीतच. ती विसरली की महिन्याभराने ते वाक्य आपलंच वाटू लागतं आणि इथे त्याला वाङ्मयचौर्य म्हणतात. चार शब्द बदलून सुटका होत नाही. पान क्रमांकही तिथल्या तिथे टाका. रात्री अकराला चाळीस पानांत एक वाक्य हुडकत बसणं हा निराळाच छळ आहे.