स्टेटसचा रिमांड

बाररूममध्ये चहा घेत होतो, तेवढ्यात कोर्टातल्या हवालदाराने हाक मारली. "साहेब, एक आरोपी आहे, मोफत विधी सेवेच्या पॅनलवरून तुम्हालाच बघावं लागेल. वकीलपत्र घ्यायला कुणी तयार नाही." का, ते विचारायची गरज नव्हती. फाटकाबाहेर शे-दीडशे पोरं घोषणा देत होती.

पोरगा १९ वर्षांचा, मोटार रिवायंडिंगच्या दुकानात कामाला. तांब्याच्या तारेने बोटं चराचरा कापलेली. आलेलं एक चित्र त्याने स्टेटसला ठेवलं, तासाभराने काढलंही. कोणत्या धर्माबद्दल होतं ते लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा आधी बाजू घेतो.

धार्मिक भावना दुखावण्याचं, भारतीय न्याय संहितेतलं कलम २९९, म्हणजे १९२७ साली दंडसंहितेत आलेलं जुनं २९५-अ. अजामीनपात्र. रामजीलाल मोदी खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं, पण नकळत किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान त्यात बसत नाही, हेही तिथेच सांगून ठेवलं. हेतू जाणूनबुजून आणि दुष्ट हवा. विष्णूच्या रूपातल्या मुखपृष्ठावरून धोनीवर झालेली केस २०१७ मध्ये याच मुद्द्यावर रद्द झाली. धोनीला दिल्लीपर्यंत जाता आलं. माझ्या पक्षकाराच्या आईला कोर्टापर्यंतच्या रिक्षाचे पैसे शेजारणीने दिले होते.

तपासी अंमलदाराने ३ दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागितला, मोबाईल जप्त करायला म्हणून.

"मोबाईल तर पंचनाम्यात दिसतोय," मॅजिस्ट्रेट साहेब म्हणाले.

"हो सर, पण मूळ कुणी पाठवलं..."

"ते त्याच मोबाईलमध्ये असेल ना?"

मी उठलो. ३ वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा, साधी नोटीस देता आली असती, हे मांडलं. फिर्यादीने पोलीस ठाण्यात जाण्याआधी तोच स्क्रीनशॉट तीन ग्रुपांवर फिरवला, तेही सांगितलं. साहेबांनी मान वर केली, लिहिलं मात्र काही नाही.

या कलमाची एक गंमत आहे, गंमत म्हणायची तर. खटल्याची दखल घ्यायला कोर्टाला आधी सरकारची मंजुरी लागते. ती चाळणी मुद्दामच ठेवलीय, म्हणजे ऊठसूट कुणावर खटला उभा राहू नये. पण अटकेला मंजुरी लागत नाही. कागद मंत्रालयातून येईल तेव्हा येईल, पोरगा त्याआधीच आत.

एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाला, जामीनही संध्याकाळी मिळाला, १५ हजारांचा. जामीनदार कुठून आणायचा? गावातलं कुणी सही करेना. पाचव्या दिवशी दुसऱ्या तालुक्यातला मामा सातबारा घेऊन आला. तोवर दुकानदाराने दुसरा पोरगा कामावर ठेवला होता.