वरातीमागून घोडी

‘वरातीमागून घोडं’ ही म्हण मी आयुष्यभर वापरत आलो. ती डोळ्यांसमोर घडताना मात्र भाच्याच्या लग्नातच पाहिली, संक्रांतीनंतरच्या पहिल्या मुहूर्ताला. पुढे बँड, मागे डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेतलेली माणसं, त्यांच्यामागे नाचणारे चुलतभाऊ, मग एका हाताने फेटा सावरत पायी चाललेला नवरदेव. आणि या सगळ्यांच्या बरीच मागे, दोघांनी दोन बाजूंनी धरलेली, तिरकी तिरकी पावलं टाकणारी पांढरी घोडी.

खरं तर मराठी वरात लग्न लागल्यावर, नवरीला घेऊन निघायची. पण ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दोनशे वर्षं राहून आम्ही मराठी मंडळी तिची हिंदी ‘बारात’ करून बसलो आहोत. फेटा आमचा, घोडी त्यांची. नवरदेव निघण्याआधी बहिणीने घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारायची, हाही त्यांचाच रिवाज. आमच्या भाचीने तो इतक्या प्रेमाने पाळला की वाटीभर डाळ असते तिथे तिने पातेलंभर चारली.

डाळ संपेपर्यंत सगळं ठीक होतं. कानाशी बँड वाजत होता, फटाके उडत होते, घोडी देवळातल्या नंदीसारखी उभी. भाच्याने रिकिबीत पाय घातला आणि त्याच क्षणी जनरेटरच्या गाडीवरची ताडपत्री वाऱ्याने फडफडली. बस्स. घोडी चारी पायांवर बाजूला उडाली, नाकपुड्या फुलल्या, कान टवकारले. भाचा एक पाय रिकिबीत, दुसऱ्यावर लंगडी घालत तीन पावलं तिच्याबरोबर गेला आणि शेवटी माझ्या मेहुण्यांच्या अंगावर येऊन पडला. लागलं कुणालाच नाही. मेहुण्यांना लागलं असं मेहुणे म्हणतात.

मग निदानं सुरू झाली. एका काकांच्या मते घोडीला दारू पाजली होती. मामींना अपशकुन दिसत होता. ‘माज आलाय, दुसरं काय,’ असं ताई म्हणाली. घोडीवाले चाचा मात्र घोडीच्या मानेवरून हात फिरवत एवढंच म्हणाले, ‘बरसीम बोल रही है, साहब।’ बरसीम म्हणजे हिवाळ्यातला हिरवा चारा.

बुजणं हा आपल्याकडचा फार चांगला शब्द आहे. लाजाळू मूलही बुजरं आणि उधळायच्या बेतातलं घोडंही बुजलेलं. पण ही घोडी बुजरी कशी म्हणायची? दहा वर्षांत तिने किती लग्नं लावली असतील! बँडला न घाबरणारं जनावर ताडपत्रीला का घाबरतं, हा प्रश्न मला चार दिवस सोडेना. उरलेले पैसे द्यायला चाचांकडे गेलो तो खरं म्हणजे पाचशे रुपये कापून घेण्याचा बेत करून.

चाचांचं ठाण कंपू नावाच्या वस्तीच्या बाजूला एका बोळात आहे. घोडी अगाडी-पिछाडीचे दोर लावून बांधलेली, पुढ्यात हिरवीगार बरसीम, बाजूला कुट्टीचं यंत्र, आणि भुशाची कोठी जवळपास रिकामी. चाचांनी खाटेवर बसवलं, चहा मागवला आणि हिशेब सांगायला घेतला. पैशांचा नाही, चाऱ्याचा.

झालं होतं ते असं. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत खरमास. आपण त्याला धनुर्मास म्हणतो. लग्नं बंद, म्हणजे घोडी महिनाभर ठाणावर. ऑक्टोबरात पेरलेल्या बरसीमची पहिली-दुसरी कापणी नेमकी याच दिवसांत बाजारात येते, कोवळी, लुसलुशीत, स्वस्त. आणि गव्हाचा भुसा याच दिवसांत सगळ्यात महाग, कारण नवा गहू यायला मार्च-एप्रिल उजाडतो आणि जुना साठा संपत आलेला असतो. एरवी चाचा अर्धा भुसा, अर्धी बरसीम कापून मिसळून देतात. यंदा भुसा परवडेना, तेव्हा बरसीमच बरसीम. वर चंदी (दाण्याचा खुराक) रोजच्याइतकीच, म्हणजे कामाच्या दिवसांतल्याइतकीच. इथंच घोडं पेंड खातं, असं मी म्हणणार होतो, पण चाचांना मराठी कळत नाही आणि पेंड तेवढी घातली नव्हती.

घोड्याचं पोट ही विचित्र चीज आहे. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर दहा-पंधरा लिटरचं. गाईसारखं रवंथ नाही, त्यामुळे खाल्लेल्याचा फेरविचार नाही. घोड्याला उलटीही करता येत नाही. खरा कारखाना मागे, मोठ्या आतड्यात असतो. तिथले जंतू चारा आंबवून पचवतात, आणि कोरडा चारा सोडून एकदम ओला, कोवळा दिला की त्या जंतूंची घडीच विस्कटते. नव्या चाऱ्याची सवय व्हायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून जाणती माणसं चारा थोडा थोडा करत बदलतात. एकदम बदलला की वायू धरतो, पोट दुखतं, शेण पातळ होतं. पोटात असं काही चाललेलं, अंगात खुराकाची रग, आणि ती जिरवायला रपेट नाही. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग सोडला तर जवळजवळ सगळं वर्तुळ दिसतंय. अशा जनावराला ताडपत्री ही ताडपत्री दिसतच नसणार. शिवाय पळून जाणं हे घोड्याचं सगळ्या प्रश्नांवरचं एकच उत्तर. बँड ओळखीचा होता, पोटातलं दुखणं नव्हतं. ताडपत्रीचं फक्त निमित्त झालं.

इंग्लंडात हा त्रास वसंतात होतो. एप्रिल-मे महिन्यांत कुरणं हिरवी झाली की शांत घोडी अचानक पानाच्या सळसळीला उड्या मारू लागतात. न्यूझीलंडमध्ये ऋतू उलटे, म्हणून तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात. तिकडच्या गवतात दिवसभराच्या उन्हाने साखर साठते, रात्री गवत वाढताना ती खर्चही होते. पण रात्र गारठ्याची असली की वाढ थांबते आणि साखर तशीच राहते, त्यामुळे दव गोठलेल्या सकाळचं चमकदार गवत सगळ्यात गोड. त्या गोडव्याने नुसती रगच चढत नाही, खुरांच्या आत सूज येऊन घोडं कायमचं लंगडूही शकतं. म्हणून तिकडे घोड्याच्या तोंडाला जाळी बांधून त्याला चरायला सोडतात. मॅग्नेशियमच्या पुड्याही विकतात, घोडं शांत व्हावं म्हणून. त्या पुड्यांवर माझा चाचांवर आहे तितका विश्वास नाही. चाचांचं औषध म्हणजे भुसा आणि चालवणं.

आमच्याकडे गवताचा खरा वसंत आषाढ-श्रावणात. हा विचार करताना मला लष्कर नावाचीच गंमत वाटू लागली. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली आणि ती उठलीच नाही, तिचंच शहर झालं. मी वाढलो ती दाणाओळी, इथले लोक दानाओली म्हणतात. ‘निंबालकर की गोठ’ हा मुळात निंबाळकरांचा गोट. सगळा पत्ताच घोडदळाचा. मराठी फौजा पावसाळाभर छावणी करून राहायच्या आणि दसऱ्याला बाहेर पडायच्या, हे शाळेत शिकलो होतो. पण चार महिने ओलं गवत खाऊन ठाणावर उभी राहिलेली हजारो घोडी दसऱ्याच्या सकाळी कशी असतील, हे कुणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडे एकीने सगळ्यांना जागेवर खिळवलं. तिथे सोनं लुटण्याआधी निम्मे बारगीर धूळ चाटत असतील. दसऱ्याला मांढरेमातेच्या टेकडीखाली शमीपूजन बघताना यापुढे माझं लक्ष शमीकडे राहणार नाही.

चाऱ्याचा हिशेब चुकला की काय होतं, हे शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या लष्कराला लिहिलेल्या पत्रात आहे. दाणा-वैरण आत्ताच मन मानेल तशी उडवलीत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही रयतेला छळाल. एवढंच नाही, रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवत पेटेल, हेसुद्धा. उंदरापर्यंत विचार करणारा राजा. त्या पत्राचा मथितार्थ मी माझ्या मोडक्या हिंदीत चाचांना सांगितला. ते कोठीकडे बघत म्हणाले, ‘सही लिखा है। भूसा जेठ में भरना था, हमने नहीं भरा।’ महादजी शिंद्यांच्या घोड्यांपुढे बरसीमचा प्रश्न नव्हता, ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तहून इकडे आली. भुशाचा होताच.

घरी येऊन आईला हे सगळं सांगितलं. आईने या वयातही धुंधुरमास सोडलेला नाही. धनुर्मासात उजाडायच्या आत मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि सूर्य उगवता उगवता मला ताटावर बसवायचं. म्हणजे घोडी आणि मी, दोघांचाही तो महिना बसून खाण्याचा. ती उड्या मारू लागली, मी दुपारी तीन-तीन तास झोपू लागलो.

आईने मग खरमासाची गोष्ट सांगितली. सूर्याच्या रथाचे सात घोडे वर्षभर धावून दमतात, तहानेने व्याकूळ होतात. सूर्याला दया येते. तो त्यांना एका तळ्याकाठी सोडतो, पण रथ तर थांबवता येत नाही, म्हणून तिथे चरणारी गाढवं जुंपतो. गाढव म्हणजे खर. म्हणून महिनाभर सूर्य रखडत चालतो, त्याचं तेज मंदावतं. संक्रांतीला तो घोडे परत जुंपतो.

‘महिनाभर तळ्याकाठचं हिरवं गवत?’ मी विचारलं.

‘मग?’

‘आणि काम काही नाही?’

आई म्हणाली, ‘तू पैसे कापलेस का त्या बिचाऱ्याचे?’

नव्हते कापले. उलट निघताना त्यांच्या नातवंडांसाठी मुरैन्याच्या गजकचा डबा नेला होता तो दिला. खुसखुशीत, तिळाची, गुळाची. डब्याचं झाकण उघडताच घोडीने मान लांब केली, मऊ ओठ पुढे काढले आणि माझ्या तळहातावर गरम श्वास सोडला. चार दिवसांपूर्वीचं सगळं मी त्या श्वासात विसरलो आणि एक तुकडा पुढे केला.

चाचांनी तो मध्येच उचलून स्वतःच्या तोंडात टाकला. ‘इसको नहीं साहब,’ ते चघळत म्हणाले, ‘परसों फिर बारात है।’