फायली आल्या, सह्या राहिल्या

नागपूरच्या धरमपेठेत आमचं हिशेबाचं छोटं ऑफिस आहे. कोपऱ्यातल्या एका जुन्या उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) कॉम्प्युटरवरून चौघांच्या फायली सांबा या फाइल-शेअरिंगच्या प्रोग्रॅममधून शेअर होतात, प्रिंटरही त्यालाच जोडलेला. मे महिन्यात त्याची हार्डडिस्क टकटक करायला लागली, तीही कूलरच्या घरघरीत ऐकू येईल इतकी. मरायच्या आत बॅकअप घ्यावा म्हटलं.

हिशेबाचा डेटा रोज दुसरीकडे जातोच. धाकधूक होती ती सेटिंगची. ती बहुतेक सगळी ईटीसी फोल्डरमध्ये असतात. पेन ड्राइव्ह लावला आणि आरसिंक हे फायली कॉपी करणारं साधन चालवलं, तेही फायलींची मालकी आणि परवानग्या जपणारा पर्याय लावून. स्क्रीनवर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’च्या ओळींमागून ओळी धावल्या. फायली गेलेल्या दिसत होत्या, म्हणून मी चहा प्यायला उठलो. ग्राहकाच्या ताळेबंदात असा शेरा दिसला असता तर मी उठलो नसतो.

सीताबर्डीवरून नवी एसएसडी आणली, उबुंटू टाकलं आणि तोच फोल्डर उलट्या दिशेनं परत भरला. पुढची कमांड दिली तर सुडो, म्हणजे सर्वाधिकारानं कमांड चालवून देणारं साधन, म्हणे, त्याच्या नियमांच्या सुडोअर्स फाइलचा मालक युजर १००० आहे, ० हवा. १००० म्हणजे मी, ० म्हणजे रूट, मशीनचा सर्वाधिकारी. दुरुस्तीला सुडो लागणार आणि बिघडलेलं तेच. घाईत रीस्टार्ट केलं, तर दीड मिनिट ताटकळून मशीन इमर्जन्सी मोडमध्ये. एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, जुन्या डिस्कचे ओळख क्रमांक येऊन बसले होते!

संध्याकाळी भाचा आला. “मामा, काय करून राहिले? पेन ड्राइव्हचा फॉरमॅट तरी पाहिला का?”

एक्सफॅट. त्यात लिनक्सची मालकी आणि परवानग्या लिहायला जागाच नसते. ड्राइव्ह जोडताना प्रत्येक फाइलला एकच मालक आणि एकच परवानगी चिकटते. आमच्याकडे मालक मी, परवानगी ७५५, म्हणजे वाचायला सगळ्यांना मोकळी, बदलायला फक्त मालकाला. सिम्बॉलिक लिंकही (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) त्यावर बनत नाहीत. त्या धावणाऱ्या ओळी हेच ओरडून सांगत होत्या. म्हणजे खतावणी जशीच्या तशी उतरली, पण सह्या-शिक्के कोरे.

लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे पेन ड्राइव्हवरूनच चालणाऱ्या उबुंटूतून, मी सगळा फोल्डर रूटच्या नावे केला, एफएसटॅब हातानं लिहिलं. मशीन उठलं, सुडोही चाललं. खूश झालो, तर दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करू देणारं एसएसएच सुरू होईना: खासगी किल्लीच्या फाइलची परवानगी ७५५ आहे, फारच मोकळी. तिला ६०० लागते, म्हणजे फक्त मालकापुरती. हे निदान बोंब मारून तरी कळलं. भाच्यानं मग शॅडो फाइल दाखवली. पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) ठेवणारी ही फाइल ६४० आणि शॅडो गटाची असते. आमची ७५५, म्हणजे लॉगिन असलेल्या कोणालाही वाचता येईल अशी. त्याबद्दल मशीननं चकार शब्द काढला नव्हता.

एकेक फाइल ठीक करत बसण्यापेक्षा उबुंटू पुन्हा टाकलं. जुनी डिस्क केबलनं जोडली. टकटकत का होईना, वाचता येत होती. या वेळी टार केलं, म्हणजे सगळा फोल्डर एकाच फाइलमध्ये बांधला, एसीएल (जादा परवानग्या) आणि एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट या जादा नोंदींसह. टारमध्ये मालक, गट, परवानग्या आणि लिंका त्या बांधलेल्या फाइलच्या आतच नोंदलेल्या असतात, त्यामुळे पेन ड्राइव्ह एक्सफॅट असला तरी बिघडत नाही. नव्या सिस्टिमवर रूट म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये उघडलं आणि सांबा, प्रिंटर, एसएसएच, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) एवढंच उचललं, तेही परवानग्या जपणारी कॉपी करून. पासवर्ड आणि युजरच्या फायलींना हात लावला नाही, कारण नव्या इन्स्टॉलमध्ये सिस्टिम युजरचे क्रमांक वेगळे पडू शकतात. याच कारणासाठी लाइव्ह यूएसबीवरून अख्खी जुनी सिस्टिम परत भरताना टारला ‘न्यूमेरिक ओनर’ सांगावं लागतं, नाहीतर ते लाइव्ह सिस्टिममधली नावं जुळवत बसतं.

आता दर शनिवारी टार होतं, सोबत गेटफॅकलनं काढलेली परवानग्यांची यादीही. सेटफॅकलला ती दिली की मालकी आणि परवानग्या पुन्हा बसतात. त्या टारमध्ये शॅडो फाइलही असते आणि पेन ड्राइव्हवर तिला कुलूप नाही. म्हणून जीपीजी या कूटबद्ध करणाऱ्या प्रोग्रॅमनं बंद करूनच ठेवतो, चेकबुकांच्या खणात.