तुम्ही विचारलंत म्हणून: सहारा का नाही बघितला

मोरोक्कोहून आल्यावर लोक काय काय विचारतील, याची मी तयारी करून ठेवली होती. व्हिसा कसा काढला, शाकाहारी माणसाचं तिकडे कसं होतं, दोघी बायकाच गेलात तर भीती नाही का वाटली. यातलं फारसं कुणी विचारलंच नाही. नणंद, भिशीतल्या बायका, सोसायटीचे सेक्रेटरी, अगदी दातांचे डॉक्टर, सगळ्यांचा एकच प्रश्न: मैत्रिणीचे वाळवंटातले फोटो बघितले, तुम्ही त्यात कशा नाही?

नाही, कारण मी तिथे नव्हते.

आजवर माणूस बघून उत्तर दिलं. नणंदेला सांगितलं, बर्फ पडून रस्ता बंद झाला होता. खरं आहे, पण तो एका रात्रीपुरताच. भिशीत सांगितलं, पोट बिघडलं होतं. हे साफ खोटं. फेस या जुन्या शहरात मी रोज सकाळी बिसारा खात होते, म्हणजे कडधान्याचं घट्ट सूप, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड, आणि सोबत आपल्या घडीच्या पोळीसारखी म्सेमेन. पोट इथल्यापेक्षा बरं होतं. दातांच्या डॉक्टरांना म्हटलं, वाळवंट काय, राजस्थानात आहेच की. तोंडात त्यांची हत्यारं असताना याहून मोठं वाक्य जमलं नसतं.

आता एकदाच सगळं सांगते. पुन्हा विचारू नका.

आम्ही गेलो जानेवारीत. बेत सगळा तिचा. ती कॉलेजपासूनची मैत्रीण, आणि कॉलेजपासूनच बेत तिचे असतात. कॅसाब्लांका आणि रबात भराभर उरकलं. कॅसाब्लांकाला हसन दुसऱ्याच्या नावाची मशीद अटलांटिकच्या अगदी काठावर आहे, १९९३ साली पुरी झालेली, आणि तिथे आपल्यासारख्यांना तिकीट काढून आत जाता येतं. फेसच्या करावियीन मशिदीत तसं नाही. ती नवव्या शतकातली. दारात उभं राहून अंगण दिसेल तेवढं बघायचं आणि पुढे व्हायचं. मी त्या दारासमोर बराच वेळ उभी होते. मला फेस आवडलं होतं. जुन्या गावात मोटारी शिरतच नाहीत, माल जातो गाढवांवर आणि खेचरांवर. मागून हाकारा आला की भिंतीला चिकटायचं. चामडं कमावायच्या कुंडांकडे जाताना दुकानदार नाकाशी धरायला पुदिन्याची काडी देतो. तरी कबुतरांच्या विष्ठेचा वास येतो तो येतोच, कातडी मऊ करायला ती वापरतात. मी तिला म्हटलं होतं, आपण इथेच राहू या का? ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. मी गंमत करत नव्हते.

फेसपासून मेरझूगा, म्हणजे सहाराच्या कडेचं गाव, साडेचारशेच्या वर किलोमीटर. मध्ये मध्य अ‍ॅटलास पर्वत आडवा. इफ्रान हे गावच आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर आहे. फ्रेंचांनी वसवलेलं, उतरत्या छपरांचं. ११ फेब्रुवारी १९३५ ला तिथे पारा उणे २३.९ पर्यंत उतरला होता, आफ्रिकेतली आजवर नोंदली गेलेली सर्वांत कडक थंडी ती. हे मी फेसमधल्या खोलीतच वाचून तिला दाखवलं होतं. ती म्हणाली, शंभर वर्षं होत आली त्याला.

अझरूच्या पुढे तिमहदीतला गेलो तर रस्त्यावर फाटक लागलेलं. पुढे ज़ादची खिंड, २१७८ मीटर. बर्फ पडला की पोलीस फाटक लावतात, यंत्राने रस्ता मोकळा केला की उघडतात. तिकडच्यांना त्याचं काही वाटत नाही. ट्रकवाले उतरून चहा पीत होते. आमचा ड्रायव्हर वाळवंटाकडच्या रिसानीचा, त्याला घरी जायचं होतं, त्यामुळे तोही तिच्या बाजूचा. अंधार पडेपर्यंत थांबलो आणि अझरूला परत येऊन झोपलो. आतापर्यंत कुणाचं काहीच बिघडलं नव्हतं. उलट रात्री लाकडाच्या शेगडीपाशी बसून आम्ही दोघी पुष्कळ हसलो, कशावर ते आता आठवत नाही.

सकाळी फाटक उघडलं. ट्रकांच्या मागे रांगेत आमची गाडी. दोन्ही बाजूंना बर्फाचे बांध, मधला रस्ता काळा आणि चकचकीत. एका चढावर पुढच्या ट्रकने वेग कमी केला, आमच्या ड्रायव्हरने ब्रेक दाबला, आणि गाडीची मागची बाजू डावीकडे निघाली. जोरात नाही. सावकाश, जणू तिला तिकडेच जायचं होतं. बांधाला टेकून थांबली. ड्रायव्हर म्हणाला, काही नाही मादाम, काही नाही. ओरखडासुद्धा आला नव्हता.

मी म्हटलं, मला उतरायचं आहे.

इथे मला लगेच सांगावंसं वाटतं की मी भित्री नाही. कसारा घाटातून धुक्यात, पावसात, स्वतः गाडी चालवत मी मुंबईला जात आले आहे. पण तिथे चाक माझ्या हातात असतं. इथे ते ड्रायव्हरच्याही हातात नव्हतं, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणा भित्री. मला आता त्याचं विशेष वाटत नाही.

मी उतरून बांधापाशी उभी राहिले. ती काच खाली करून म्हणाली, बस गं, उगाच नाटकं नको. मी म्हटलं, मी परत जाते, तूही चल, आपण माराकेशला जाऊ आगगाडीने. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते. मग ती उतरली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "तू नेहमी अर्ध्यातून परत फिरतेस. पीएच.डी. सोडलीस. दिल्लीची बढती सोडलीस. आता हे."

पीएच.डी.चं खरं आहे. मला कंटाळा आला होता, मी सोडली, आणि कधी खंत केली नाही. पण दिल्ली? दिल्लीची बदली मी नाकारली तेव्हा सासरे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. हे तिला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? हॉस्पिटलात डबा घेऊन तीच येत होती. डब्यात काय असायचं तेही मला आठवतं. इतकी वर्षं ती मनात हे असं मोजत होती, आणि ते बाहेर कुठे यावं, तर त्या उतारावर, ट्रकांच्या हॉर्नमध्ये.

मी म्हटलं, "मग जा तू."

ती गेली.

तुम्ही सगळे मला विचारता की मी पुढे का नाही गेले. त्याचं उत्तर मी वर दिलंय, त्यात फार खोल काही नाही. मी स्वतःला विचारते ते वेगळंच. ती परत फिरेल असं मला वाटलं होतं का? हो, वाटलं होतं. ड्रायव्हरने समोरून येणारी एक ग्राँ टॅक्सी, म्हणजे गावोगाव जाणारी शेअर टॅक्सी, थांबवली, माझी बॅग तिच्यात टाकली, भाडं ठरवून दिलं, तोवरही वाटत होतं. टॅक्सीत आधीच दाटीवाटी. शेजारी हनुवटीवर गोंदलेली एक म्हातारी होती. तिने अमाझिग भाषेत मला काहीतरी विचारलं, सगळी टॅक्सी हसली, आणि काय विचारलं ते कुणीही सांगितलं नाही. मागे वळून बघितलं तर आमची गाडी वळणाआड गेलेली.

आणि आता हेही ऐका, कारण हे कुणी विचारत नाही. मी अझरूला रडत बसले नव्हते. मंगळवारचा बाजार बघितला. मेंढ्या, घोंगड्या, जेलाबा, म्हणजे टोपी जोडलेले पायघोळ झगे, घातलेले शेतकरी, हातात हात घालून चाललेली घासाघीस. सीडरच्या जंगलात गेले. आपल्या हिमालयातल्या देवदाराची ती चुलत भावंडं, आणि खाली शेपूट नसलेली माकडं, बर्फात बसून शेंगा सोलणारी. त्यांना खायला घालू नये म्हणतात, पण सगळे घालतात. मग फेसला परत, तिथून आगगाडीने माराकेश. माझ्या सहलीत शहरं होती, डोंगर होते. मोरोक्को बघितला नाही असं मला कुणी म्हणू नये.

तुम्ही वाळवंट वाळवंट करता, पण सहाराचा जेमतेम चौथा हिस्सा वाळूचा आहे, बाकी सगळा दगडगोटा. मेरझूगाच्या ज्या टेकड्यांवर सगळ्यांचे फोटो असतात तो एर्ग शेबी, एका अरुंद पट्ट्यात दीडशे मीटरपर्यंत चढलेली वाळू. कडेला हॉटेलं, आत तंबू, संध्याकाळी उंट आणि सकाळी उंट. त्यासाठी अख्खा दिवस गाडीत बसायचं? बरोबर आहे ना माझं?

बरोबर असेलही. फक्त हे सगळं मी नाशिकला आल्यावर वाचलं. बर्फात उभी होते तेव्हा यातला एकही मुद्दा माझ्याजवळ नव्हता. तेव्हाची मी विचारते, मग आता हे कुणाला पटवतेयस? मी तिला म्हणते, तू तरी कुठे विचार करून उतरलीस? आमचं दोघींचं जमत नाही.

माराकेशला जमा अल्-फनाच्या चौकात ती भेटली. रापलेली, ओठ फुटलेले, तोद्राची घळ, ऐत बेन हद्दू आणि तिश्काचा घाट करून आलेली. तिश्का २२६० मीटर, म्हणजे ज़ादपेक्षाही उंच. तिने तो आकडा दोनदा सांगितला. मी विचारलं, बर्फ होता? म्हणाली, होता. मग आम्ही संत्र्याचा रस प्यायलो आणि तो किती दिरहमला पडला यावर बोललो. तिने फोटो दाखवले, मी नीट बघितले. चांगले आहेत. तुम्हीही बघितलेत. बांधापाशी झालेलं बोलणं ना तिने काढलं, ना मी. अजूनही काढलेलं नाही. परत आल्यावर फोन होतात, दिवाळीला फराळाची देवाणघेवाण झाली, आणि तिच्या चिवड्यात नेहमीप्रमाणे साखर जास्त होती.

गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला. मार्चमध्ये ट्युनिशिया, दूझ म्हणून वाळवंटाच्या तोंडाशी गाव आहे, येतेस का? मी विचारलं, वाटेत घाट किती? तिने नकाशा पाठवला आहे. तो अजून उघडलेला नाही.