ऊन पडलं की नदी चढते

आपल्याकडे पूर म्हणजे काळे ढग आणि चार दिवसांची संततधार. इथे आइसलँडमध्ये उन्हाळ्यात लख्ख ऊन पडलं तरी नदी चढते. हिमनदीचा बर्फ दिवसभर वितळतो, आणि ते पाणी दुपार टळल्यावर खाली पोचतं. त्यामुळे जाणती माणसं नदी सकाळी लवकर ओलांडतात.

थोर्समोर्क या डोंगरातल्या दरीच्या वाटेवर क्रोसाउ नदी आडवी येते. गाड्यांसाठी पूल नाही, उंच चाकांच्या बस थेट पात्रात उतरतात. आमच्या चालकाने काठावर बस थांबवली आणि बराच वेळ नुसतं पाण्याकडे पाहिलं. बर्फाखाली दळल्या गेलेल्या खडकाची पूड मिसळल्याने पाणी राखाडी असतं, तळ अजिबात दिसत नाही. मग वरूनच अंदाज घ्यायचा: पात्र पसरट आणि पाणी खळखळतं तिथे उथळ, अरुंद, गुळगुळीत दिसतं तिथे खोल. कालच्या चाकोरीवर भरवसा ठेवता येत नाही, कारण प्रवाह रातोरात जागा बदलतो. बस प्रवाहाच्या कलाने तिरकी उतरली. पायाखाली गोटे गडगडत होते, सगळे प्रवासी गप्प.

दक्षिणेकडच्या स्केइदाराउ नदीने तर देशाचा रस्ताच अडवला होता. 1974 साली तिच्यावर सुमारे 900 मीटरचा पूल झाला आणि बेटाभोवतीचा हमरस्ता पूर्ण झाला. तोवर नदीपलीकडच्या ओराइवीच्या लोकांना मोटारीने राजधानीत यायचं तर अख्ख्या बेटाला उत्तरेकडून वळसा पडायचा. त्याआधीच्या पिढ्या घोड्यांवरून नद्या पार करत. पाण्यात पाय न डगमगणारा घोडा म्हणजे घराचं मोठं धन. मला त्या घोड्यांबद्दल आणि त्यांच्यावर जीव सोपवणाऱ्या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

1996 च्या सप्टेंबरअखेर वात्नायोकुल या प्रचंड हिमाच्छादनाखाली ज्वालामुखी जागा झाला. वितळलेलं पाणी बर्फाखाली महिनाभर साठत राहिलं आणि 5 नोव्हेंबरला फुटून बाहेर आलं. घराएवढे हिमखंड पुलावर आदळले. पूर येणार हे शास्त्रज्ञांनी आधीच ओळखलं होतं, रस्ता बंद होता, म्हणून एकही जीव गेला नाही.

पुलाची दुरुस्ती झाली, पण 2009 मध्ये नदीच पश्चिमेकडे सरकली आणि लांबलचक पुलाखाली जेमतेम पाणी उरलं. आता तिथे छोटा पूल आहे. 1996 च्या पुरात पिळवटलेले पुलाचे लोखंडी गर्डर रस्त्याकडेला ठेवलेत, तिथे जरूर थांबा. आणि भाड्याच्या गाडीने नदीत उतरू नका. विमा सहसा ते नुकसान भरून देत नाही, आणि पाणी इतकं गार असतं की हातपाय लगेच बधिर होतात. थोर्समोर्कला बसनेच जा.